घोडा ओढतो, पण माती उचलतो कोण?

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या अमेरिकेतला एखादा फोटो समोर येतो. उघडे माळरान, धुरळा, ओळीत जुंपलेली चार खेचरे, त्यांच्यामागे लोखंडाचे काहीतरी बाकदार धूड आणि त्याहीमागे लांब दांडा धरून चालणारा, टोपी घातलेला माणूस. खाली एवढेच लिहिलेले असते की रेल्वेचे काम चालू आहे. तिकडच्या गावोगावच्या लहान संग्रहालयांत गेलात तरी तीच गत. घोड्यांनी ओढायची माती खणण्या-भरण्याची ही यंत्रे बहुतेक वेळा इमारतीच्या मागे गवतात गंजत पडलेली असतात, आणि पाटी असलीच तर तिच्यावर फक्त नाव असते. ती चालायची कशी, हे कोणी सांगत नाही.

हा लेख अशा वेळी उपयोगी पडावा म्हणून लिहितो आहे. यंत्रशास्त्राची काही माहिती लागणार नाही. शेतात बैल चालताना पाहिला असेल तर निम्मा अभ्यास झालेलाच आहे. पायऱ्या दिलेल्या क्रमानेच जा, कारण प्रत्येक यंत्र आधीच्या यंत्राची अडचण सोडवायला आलेले आहे.

पायरी १: ओढ आणि उचल वेगळी करा

मोट आठवा. बैलांना पाणी वर उचलता येत नाही. त्यांना येते ते एकच, पुढे चालणे. म्हणून विहिरीवर चाक बसवले, नाडा त्यावरून घेतला आणि बैलांसाठी उताराची धाव केली. बैल धावेवरून खाली गेले की मोट वर यायची आणि थारोळ्यात पाणी पडायचे. आडव्या ओढीची उभी उचल करून देणारी चीज म्हणजे ते चाक.

माती खणण्या-भरण्याच्या घोड्यांच्या सगळ्या यंत्रांसमोर हाच प्रश्न होता. मोठ्या हाडाचा सातशे किलोचा घोडा दिवसभर चालत राहून आपल्या वजनाच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतकी, म्हणजे ७० किलोच्या आसपास, ओढ देऊ शकतो. क्षणभरासाठी याच्या कितीतरी पट जोर लावतो. पण तो जोर आडवाच. माती मात्र खड्ड्यातून वर यायला हवी, गाडीत पडायला हवी, भरावावर चढायला हवी. आपल्या सरकारी दरसूचीत मातीकामाला ‘लीड’ आणि ‘लिफ्ट’ असे दोन वेगळे हिशेब असतात, म्हणजे किती लांब नेली आणि किती उंच चढवली. ठेकेदाराच्या तोंडी हे शब्द रोज असतात. जुने यंत्र पाहताना तेच दोन प्रश्न विचारा. याने लीड कशी सोडवली? लिफ्टचे काय केले?

इंग्लंडमध्ये सुरुवातीला लिफ्टचे उत्तर जवळजवळ मोटेचेच होते. लंडन-बर्मिंगहॅम रेल्वेसाठी ट्रिंग गावाजवळ सुमारे चार किलोमीटर लांबीचे, सरासरी बारा मीटर खोल कटिंग खडूच्या दगडातून खोदले गेले. जॉन कुक बोर्न या चित्रकाराने १८३७ मध्ये तिथे काढलेले चित्र प्रसिद्ध आहे. कटिंगच्या उभ्या उतारांवर फळ्यांच्या वाटा टाकलेल्या आहेत. प्रत्येक वाटेच्या माथ्यावर कप्पी आहे. वर घोडा कडेपासून दूर चालत जातो, दोरी कप्पीवरून खाली उतरून एका हातगाडीला आणि ती पेलणाऱ्या मजुराच्या कमरपट्ट्याला बांधलेली असते. घोडा चालला की माणूस आणि भरलेली गाडी दोन्ही उतारावरून वर. फळी ओली असली, घोडा दचकला किंवा दोरीला हिसका बसला, की माणसाने गाडी एका बाजूला लोटून स्वतः दुसऱ्या बाजूला उडी घ्यायची. मोटेवर बैल बुजला तर पाणी सांडत असे. इथे माणूस सांडायचा.

यात खणणे आणि भरणे हातानेच होते, घोड्याने केली ती फक्त उचल. पुढची यंत्रे अमेरिकेत वाढली आणि त्यांनी उलटा विचार केला. उचलायचेच कशाला? घसरवत नेले तर?

पायरी २: जनावरे मोजा

फोटोत यंत्र धुरळ्यात हरवलेले असते, जनावरे मात्र स्पष्ट दिसतात. म्हणून आधी ती मोजा.

दोन घोडे आणि मागे माणूस, तर बहुधा साधी सुपली, जिला तिकडे ‘स्लिप’ म्हणत. एका ओळीत चार घोडे किंवा खेचरे असतील तर बहुतेक फ्रेस्नो, म्हणजे पायरी ५ मधले यंत्र. दोन घोडे आणि दोन चाके दिसली तर चाकांचा स्क्रेपर, म्हणजे माती खरवडून पोटात घेणारी पेटी. बारा-सोळा जनावरे असून त्यातली काही यंत्राच्या *मागे* जुंपलेली दिसली तर खुशाल सांगा की हा एलेव्हेटिंग ग्रेडर आहे, म्हणजे माती उलथून पट्ट्यावरून वर चढवणारे यंत्र. यात अपवाद आहेत, कारण जमीन कडक असली की जनावरे वाढत. तरी पहिला अंदाज बांधायला एवढे पुरते.

घोडा की खेचर, हेही बघा. मोठ्या कामांवर खेचरे फार असत. ती उन्हात टिकतात आणि खाण्यापिण्यात घोड्याइतकी बेफाम होत नाहीत, असा हाकणाऱ्यांचा अनुभव. लांब कान दिसले की झाले.

पायरी ३: आधी नांगर शोधा

नवखा माणूस इथेच चुकतो. त्याला वाटते की स्क्रेपर जमीन खणतो. खणतो खरा, पण भुसभुशीत मातीच. घट्ट जमीन आधी नांगरून सैल करावी लागे. त्यासाठी शेतातल्यापेक्षा बराच दणकट नांगर असे आणि तो ओढायला जास्त जनावरे लागत. फोटोच्या कोपऱ्यात तो नांगर उभा असतो आणि आपले लक्ष जात नाही.

ईरी कालवा १८१७ ते १८२५ या काळात खोदला गेला, तेव्हा न्यूयॉर्क राज्यातल्या दाट जंगलातून वाट काढताना मातीपेक्षा मुळ्यांनीच जास्त छळले. मुळ्या कापणारे धारदार पाते लावलेला नांगर तिथे वापरला गेला. बुंधे उपटायला सोळा फूट व्यासाच्या दोन प्रचंड चाकांचे एक यंत्र केले होते. मधल्या जाड आसावर आणखी एक चाक, त्याला दोर गुंडाळलेला आणि दोराला घोडे. घोडे चालले की आस फिरायचा, त्यावरची साखळी गुंडाळली जायची आणि बुंधा मुळासकट वर यायचा. पुन्हा मोटच! सात माणसे आणि घोड्यांची एक जोडी दिवसाला तीस-चाळीस बुंधे काढत.

पायरी ४: सुपली चालवून बघा (निदान मनातल्या मनात)

स्लिप स्क्रेपर म्हणजे धान्य पाखडायच्या सुपाचा पोलादी थोरला भाऊ. तीन बाजूंना कडा, पुढची बाजू उघडी आणि तिला पाते. मागे दोन लाकडी मुठी, नांगराच्या रुमण्यासारख्या. पुढे कमानीसारखी लोखंडी कडी, जी दोन्ही बाजूंना खिळीवर फिरते. घोड्यांची साखळी त्या कडीला.

आता समजा तुमच्या हातात मुठी आहेत आणि कासरा मानेभोवती किंवा खांद्यावरून घेतला आहे. घोडे चालू लागले.

मुठी किंचित वर उचला. सुपाचा शेंडा खाली झुकतो, पाते मातीत शिरते आणि माती आत सरकू लागते. किंचित म्हणजे खरोखर किंचित, चार बोटे. जास्त उचललीत तर पाते खोल रुतेल आणि घोडे अडतील.

सूप भरले की मुठी खाली दाबा. पाते मातीतून बाहेर येते आणि भरलेले सूप बुडावर घसरत जाते. याला लिफ्ट म्हणायचे तर म्हणा, दोन इंचांची! बाकी सगळी लीड.

टाकायची जागा आली की मुठी झटक्यात वर उचलून सोडून द्या. पाते जमिनीला अडते, घोडे ओढतच असतात आणि सूप कडीभोवती फिरून पालथे पडते. ते पालथेच ओढत परत आणायचे, खोदाईच्या जागी आले की उलटे करायचे, आणि पुन्हा पहिल्यापासून. दिवसभर.

आता सावधगिरीची गोष्ट. ओतताना मुठी वर उडतात त्या आपण उडवतो म्हणून. पण भरताना पाते लपलेल्या दगडाला किंवा मुळीला अडकले तर त्याच मुठी आपल्याला न विचारता उडतात. घोडे थांबत नाहीत, सूप पुढे कलते आणि मुठी हनुवटीखाली किंवा बरगड्यांत बसतात. मुठी घट्ट आवळून धरणारा माणूस सुपावरून पुढे फेकला जाई. म्हणून जुने कामगार मुठी सैल धरत, अंगाचा भार त्यांच्यावर टाकत नसत आणि दोन मुठींच्या मधोमध न चालता थोडे बाजूला राहत. फोटोत नवशिका आणि मुरलेला यांच्यातला फरक मी यावरून ओळखायचा प्रयत्न करतो. नेहमी जमतेच असे नाही.

हे वाचताना केणी आठवली असेल तर बरोबर आठवली. खाचर सपाट करायला, बांधाला माती ओढायला आपल्याकडे बैलांची केणी चालतेच. फळी मातीवर दाबायची, ढीग पुढे ढकलत न्यायचा आणि मूठ वर उचलली की ढीग मागे राहतो. स्लिपमध्ये आणि तिच्यात फरक एवढाच की केणी माती *समोर* ढकलते, स्लिप *पोटात* घेते. हा फरक नीट लक्षात ठेवा, कारण पुढच्या पायरीचे सगळे नाट्य त्यातच आहे.

पायरी ५: फ्रेस्नोवर वेळ घालवा

एकच यंत्र नीट समजून घ्यायचे असेल तर हे घ्या.

कॅलिफोर्नियातले सॅन वाकीन खोरे सपाट दिसते, पण शेत करायला गेले की सपाट नाही. बऱ्याच भागात लहान लहान उंचवटे आणि त्यांच्यामध्ये खळगे. डुकरांनी लोळून केल्यासारखे, आणि नावही तिथल्या लोकांनी तसेच ठेवले. पाऊस कमी, त्यामुळे पाट काढून पाणी द्यायचे, आणि पाटपाण्याला जमीन समतल हवी. १८७० च्या दशकात हजारो एकर जमीन सपाट करायची होती आणि हाताशी होता ‘बक स्क्रेपर’ नावाचा फळीचा प्रकार, म्हणजे केणीचाच अमेरिकी अवतार. माती पुढे ढकलायची. मातीवर माती घासत जाते, म्हणून घोडे लवकर दमतात, आणि निम्मी माती बाजूने सांडून जाते.

जेम्स पोर्टियस हा स्कॉटलंडमधल्या हॅडिंग्टनचा. १८७३ मध्ये अमेरिकेत आला, आधी सांता बार्बराला आणि १८७७ मध्ये फ्रेस्नोला, आणि गाड्या बांधण्याचा व्यवसाय करू लागला. शेतकऱ्यांचा हा त्रास तो रोज पाहत होता. विल्यम डिड्रिक, फ्रँक डुसी आणि अबायजा मॅकॉल अशी आणखी काही डोकी त्याच प्रश्नाला भिडलेली होती. पोर्टियसने त्यांच्या पेटंटांचे हक्क विकत घेतले, आपली सुधारणा त्यात घातली आणि १८८३ मध्ये पेटंट मिळवले. पुढे त्याच्या फ्रेस्नो ॲग्रिकल्चरल वर्क्समधून हे स्क्रेपर हजारोंनी बाहेर पडले. गावाचे नाव यंत्राला चिकटले आणि पोर्टियसचे नाव मागे पडले. कोल्हापुरी चप्पल म्हणताना आपण तरी पहिल्या चांभाराचे नाव कुठे घेतो!

आता यंत्र पाहा. बाजूने बघितले तर इंग्रजी ‘सी’ अक्षर. लोखंडी पिंप उभे अर्धे कापून आडवे ठेवावे तसे, तोंड पुढे. रुंदी साधारण चार-पाच फूट. खालच्या ओठाला पाते. दोन्ही टोकांच्या बाजू-पत्र्यांना खाली पट्ट्या, ज्यांच्यावर ते घसरते. त्यांना आपण धावपट्ट्या म्हणू. मागे मधोमध एकच लांब दांडा. स्लिपच्या दोन मुठी गेल्या आणि एक दांडा आला, हीच लांबून ओळखायची खूण.

दांडा वर केला की पाते खाली झुकून मातीत शिरते. माती ‘सी’च्या पोटातल्या बाकावर चढते आणि स्वतःवरच गुंडाळत आत भरत जाते, पोळी लाटण्यावर चढते तशी. ती गुंडाळली जाते म्हणूनच तिला आत ढकलायला फार जोर लागत नाही. बुलडोझरचे पाते तुम्ही रस्त्यावर पाहता ना, तेही सपाट नसते, बाक दिलेले असते. कारण हेच.

भरले की दांडा खाली. आता भार धावपट्ट्यांवर, म्हणजे लोखंड मातीवर घासते आहे, माती मातीवर नव्हे. थोडा ढीग पोटापुढेही ढकलला जातो, तो फुकटचा.

ओतण्याची रीत मला सगळ्यात हुशारीची वाटते. स्लिप एकदम पालथे पडते, सगळी माती एका ढिगात. फ्रेस्नोचा दांडा हळूहळू वर केला तर पोट पुढे कलते आणि पाते जमिनीपासून ठरावीक उंचीवर राहते, त्यामुळे माती त्या जाडीच्या थरात पसरत जाते. रस्त्याचा भराव थराथराने हवा असेल, शेतातला खळगा चार इंच भरायचा असेल, तर हे सोन्यासारखे. खणणे, वाहणे, पसरणे, तिन्ही कामे एका माणसाच्या एका दांड्यावर.

दांड्याचा धोका मात्र स्लिपहून मोठा. इथे चार जनावरांचा जोर आहे आणि तरफ लांब आहे. पाते अडकले की दांडा बंदुकीच्या घोड्यासारखा उसळतो. जबडे मोडले, माणसेही दगावली. दांड्याच्या टोकाला दोरीचा तुकडा बांधलेला असे, तो सजावट नाही. ओतल्यावर दांडा पुढे पडतो, तो पुढे जाऊन हाताने उचलायला नको म्हणून मागून दोरीने ओढून खाली आणायचा.

शेतासाठी निघालेले हे यंत्र रेल्वेच्या भरावावर गेले, रस्त्यांवर गेले, पनामा कालव्याच्या कामावर आणि पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्याकडेही गेले. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेने त्याला ऐतिहासिक महत्त्वाच्या यंत्रांत जागा दिली.

पायरी ६: चाके दिसली तर

घसरवण्याला मर्यादा आहे. अंतर वाढले की घासण्यातच घोड्यांचा जीव जातो. मग पोलादी पेटी दोन चाकांच्या मधे टांगली. तरफ सोडली की पेटी खाली येऊन भरते. तरफ खाली ओढून अडकवली की पेटी जमिनीपासून सुटते आणि पुढचा प्रवास चाकांवर. इलिनॉयमधल्या ऑरोरा इथली वेस्टर्न व्हील्ड स्क्रेपर कंपनी या कामात नावाजलेली होती.

थोरल्या पेट्या भरताना दोन घोडे पुरत नसत. म्हणून खोदाईच्या जागी एक जादा जोडी ठेवलेली असे. प्रत्येक स्क्रेपर आला की ती पुढे जोडायची, भरला की सोडायची. फोटोत एखादी जोडी काहीच न ओढता उभी दिसली तर ती विश्रांती घेत नाही, पुढच्या गिऱ्हाइकाची वाट बघते आहे. घाटात मालगाडीला मागून लागणाऱ्या जादा इंजिनासारखे.

ढोबळ नियम असा धरा. शंभर फुटांच्या आत स्लिप. तीनशेपर्यंत फ्रेस्नो. पाचशे-सहाशेपर्यंत चाकांचा. त्यापुढे गाडी.

पायरी ७: गाडी भरायची कशी?

इथे आपला मूळ प्रश्न परत दारात उभा राहतो. लांबचा पल्ला म्हणजे गाडी, आणि गाडीची फळी छातीच्या उंचीला. फावड्याने भरायची तर गाडी, घोडे आणि हाकणारा तिघेही उभे राहून पगार खाणार. याची दोन उत्तरे निघाली.

पहिले इतके साधे की हसू येते. माती गाडीइतकी वर चढत नाही ना, मग गाडीच मातीखाली न्या. लाकडी मजबूत मांडव उभारायचा, त्याच्या दोन्ही बाजूंना उतार आणि मधोमध भोक. खाली गाडी उभी करायची. वरून फ्रेस्नो किंवा स्लिप उतारावरून चढून येते, भोकावर ओतते आणि पलीकडच्या उताराने उतरून जाते. काही खेपांत गाडी भरली. घोडे आडवे ओढतच राहिले. उचल त्या उताराने केली. अशा मांडवाला ‘ट्रॅप’ म्हणत. फोटोत नुसता लाकडी पूल दिसतो आणि नदी दिसत नाही, तेव्हा खाली गाडी आहे का बघा.

त्या गाड्यांची बुडे उघडणारी असत. तळाला दोन दारे, साखळीने ओढून धरलेली. हाकणाऱ्याने पायाने खटका सोडला की दारे खाली उघडतात आणि माती गाडी चालता चालता पडते. मग चरक फिरवून साखळी गुंडाळायची की दारे बंद. थांबणे नाही, खाली उतरणे नाही.

दुसरे उत्तर म्हणजे एलेव्हेटिंग ग्रेडर, आणि हे खरे यंत्र. जमिनीची पट्टी उलथणारा नांगराचा फाळ, फाळाशेजारून आडवा वर चढत जाणारा रुंद पट्टा. फाळ माती उलथून थेट पट्ट्यावर टाकतो. पट्टा ती वर नेऊन बाजूने चालणाऱ्या गाडीत सोडतो. पट्ट्याला ताकद कोण देते? इंजिन नाहीच. यंत्राची स्वतःची चाके जमिनीवर फिरतात, त्यांच्या आसावरून दातेरी चक्रे आणि साखळ्या ती फिरकी पट्ट्यापर्यंत नेतात. म्हणजे घोडे पुढे चालतात म्हणून चाके फिरतात, चाके फिरतात म्हणून पट्टा चालतो, पट्टा चालतो म्हणून माती वर जाते. मोटेच्या चाकाची ही थेट नातवंडे.

या साखळीत बराच जोर खर्ची पडतो, म्हणून बारा-सोळा जनावरे. सगळी पुढे जुंपली तर रांग लांब होते आणि वळताना गोंधळ. म्हणून आठ-बारा पुढे आणि चारेक मागे, मागच्या गाड्याला जुंपून ढकलायला. शेजारून गाडी त्याच चालीने पट्ट्याखाली ठेवायची. ती भरली की पुढे काढायची, क्षणभर सगळे थांबायचे, मागची गाडी आत घ्यायची. ऑस्टिन कंपनीच्या ‘न्यू एरा’ ग्रेडरच्या जाहिरातीत दहा तासांत १,००० घनयार्डांचा भराव असा दावा असे. जाहिरात ती जाहिरात, पण निम्मे धरले तरी फावड्यांच्या मानाने ते प्रचंडच.

हे यंत्र नखरेल होते. दगड चालत नाही, मुळ्या चालत नाहीत, चिकण ओली असली की पट्ट्याला चिकटते, वाळू फार कोरडी असली की फाळावरून वर चढतच नाही. अमेरिकेतल्या मध्य भागातल्या सपाट, बिनदगडी गवताळ मैदानांवरच ते राजासारखे चालले. आपल्या भोर घाटाच्या रेल्वेसाठी १८५६ ते १८६३ मध्ये चाळीस हजारांवर माणसे एकाच वेळी राबली, ती पहारी, सुरुंग आणि पाट्यांवर. मजुरी स्वस्त होती हे खरे, पण काळा बसाल्ट आणि ते कडे बघता यातले कुठलेही यंत्र तिथे दोन पावले चालले नसते.

रस्त्याकडेला तिरपे पाते धरून माती एका बाजूला सारणारे ग्रेडरही तेव्हाचेच. ते भरत नाहीत, फक्त सारतात, म्हणून इथे सोडून देतो.

पायरी ८: ब्रासमध्ये हिशेब करा

परदेशी आकडे घनयार्डांत असतात आणि डोक्यात शिरत नाहीत. आपला ब्रास घ्या. १ ब्रास म्हणजे १०० घनफूट, १ घनयार्ड म्हणजे २७ घनफूट, म्हणजे ब्रासमध्ये पावणेचार घनयार्डांना थोडे कमी.

आता एक मेख. कारखानदार पेटीचा आकार सांगतो, पण पेटी काठोकाठ भरत नाही, आणि आत पडते ती फुगलेली माती. जमिनीतली माती खणली की साधारण पाव हिस्सा फुगते. म्हणून छापील मापाच्या निम्म्या ते दोन-तृतीयांश एवढीच ‘मूळ जागेवरची’ माती एका खेपेत हलते असे धरा.

लहान स्लिपचे छापील माप ५ घनफुटांच्या आसपास. मूळ जागेवरची धरली ३. म्हणजे ब्रासला तेहेतीस-चौतीस खेपा. पाच फुटी फ्रेस्नोचे छापील माप १८ च्या आसपास, धरली १०, म्हणजे दहा खेपा. चाकांच्या स्क्रेपरची मापे लहान-मोठी मिळून ९ ते १७.

घोडा मिनिटाला दोनशे-सव्वादोनशे फूट चालतो. शंभर फूट जाणे, शंभर फूट येणे, भरणे, ओतणे, वळणे, सगळे मिळून फ्रेस्नोची एक खेप दोन मिनिटांत होईल असा माझा कागदावरचा हिशेब. मग ब्रास वीस मिनिटांत. घमेल्यांत सांगायचे तर तीन-चार घमेली म्हणजे एक घनफूट, तेव्हा फ्रेस्नोची एक खेप म्हणजे चाळीसेक घमेली, माणूस एक, डोक्यावर भार शून्य. आपल्या मातीवडारांच्या घरातल्या कोणाला हा आकडा सांगून पाहा, तो आधी घोड्यांच्या चाऱ्याचा खर्च विचारेल. योग्यच प्रश्न आहे. अमेरिकी ठेकेदारांच्या वह्यांतही तो खर्च मोठाच असे, आणि पावसाने काम बंद पडले तरी जनावरे खातच असत.

पायरी ९: वाफेला विसरू नका, पण घाबरूही नका

नवखे वाचक विचारतात की वाफेचे फावडे आधीच निघाले होते, मग घोडे कशाला? विल्यम ओटिसने वाफेच्या फावड्याचे पेटंट १८३९ मध्ये घेतले, आणि त्याच वर्षी सव्विसाव्या वर्षी तो वारला. पण त्याच्या यंत्राला रूळ लागत, पाणी लागे, कोळसा लागे, भरलेली माती वाहायला वॅगनांची रांग लागे. मोठ्या कटिंगला ते परवडे; पाटासाठी, रस्त्यासाठी, शेतासाठी नाही. १८९२ ते १९०० मध्ये शिकागोचा सांडपाण्याचा मोठा कालवा खोदला गेला तेव्हाही वाफ आणि घोडे एकाच कामावर होते, खडकात आणि खोलीवर वाफ, वरच्या मऊ मातीत घोडे. घोड्यांची खरी सुट्टी झाली ती १९२० च्या दशकात, ट्रॅक्टर आल्यावर. गंमत म्हणजे पहिले ट्रॅक्टर तेच फ्रेस्नो ओढत होते.

पायरी १०: प्रत्यक्ष समोर आले तर

हात लावायची परवानगी असेल तर आधी पात्याची धार बघा. ते मधोमध जास्त झिजलेले असते की एका कोपऱ्यात? कोपरा झिजला असेल तर त्या बाजूला बहुधा पाटाचा काठ किंवा उतार होता आणि यंत्र नेहमी तिरपे चालले. मग उताणे करून धावपट्ट्या बघा. नवीन पट्ट्या जाड असतात. खूप चाललेल्या यंत्राच्या कागदासारख्या, किंवा वरून दुसरी पट्टी ठोकलेली.

पोटाच्या आतल्या बाकावर बोट फिरवा. गंजाखालीही तो भाग बाहेरच्यापेक्षा गुळगुळीत लागेल, मातीने घासून घासून.

शेवटी दांडा. लाकडी असेल तर बहुतेक नंतरचा आहे, मूळचा केव्हाच मोडलेला असतो. त्याच्या टोकाशी एखादे भोक किंवा कडी दिसते का पाहा. दिसली तर तिच्या एकाच बाजूला दोरीने पाडलेला घळ असेल.